फ्रिजच्या दारातल्या अकरा पुड्या



गेल्या खेपेला विरजणावर लिहिलं होतं. त्यानंतर बस्तीत भेटलेल्या दोघीतिघींनी एकच गोष्ट विचारली. दह्यातले जंतू पोटात गेले की मुलांचं इसब बरं होतं म्हणतात, ते खरं का? आता तर त्याच्या पुड्या आणि गोळ्याही मिळतात, त्या द्याव्यात का? मला उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे. ती न सांगता नुसती माहिती दिली तर ते बरं दिसणार नाही.

आमची धाकटी आठ वर्षांची. दुसरं वर्ष सरलं तेव्हापासून तिला इसब आहे. कोपराच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागे, कधी मानेवर. डॉक्टरांच्या भाषेत सौम्य. चट्टे लहान, लालसर, खरखरीत. पण पहाटे दोनला पोरगी झोपेतच करकरा खाजवत असते, सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके असतात, तेव्हा त्याला सौम्य म्हणायला आईची जीभ रेटत नाही.

थंडीत ते वाढतं. यंदा मार्गशीर्षातच सुरू झालं. शाळेत बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं, "हे लागतं का गं?" म्हणून ही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लागली. दुपारी उन्हात त्याच बाह्यांत घाम, घामाने खाज, खाजेने चट्टा मोठा, मग तो झाकायला पुन्हा बाह्या. (इसब लागत नाही, मैत्रिणींनो. नायटा लागतो. दोन्ही दिसायला सारखे वाटतात म्हणून आपण घोळ करतो. हे एवढं तरी आपापल्या मुलांना सांगा.)

आणि मग एक दिवस अभिषेकानंतर कुणी एक बाई माझ्याशी बोलता बोलता म्हणाल्या, "असाता वेदनीयाचा उदय, दुसरं काय. मागच्या जन्मीचं काहीतरी असणार." त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नाही, आपण सगळ्याच असं बोलतो. पण धाकटी माझा पदर धरून तिथेच उभी होती. रात्री अंथरुणात तिने विचारलं, "मम्मी, मी मागच्या जन्मी काय केलं होतं?"

मी पाठशाळेत मुलांना आठ कर्मांची नावं शिकवते. वेदनीयाचे दोन भेद, साता आणि असाता, हे तिला माझ्याचकडून पाठ झालेले. आणि मला उत्तर सुचेना. "झोप आता" एवढंच म्हटलं.

त्या आठवड्यात पुण्याहून आक्कांचा, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत कुणाच्या तरी मुलाला एका पावडरीने गुण आला होता. प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक एकत्र, रोज एक पुडी कोमट पाण्यात. आक्का म्हणाल्या, "वरून मलमं चोळून काय होणार? रोग आतला आहे, आतूनच गेला पाहिजे." मला ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी मी तीस पुड्यांचा डबा मागवला.

का पटलं तेही सांगते. डॉक्टरांनी दिलेल्या मलमात स्टिरॉइड होतं, सौम्य, पण स्टिरॉइड. तो शब्द ऐकला की माझा हात आखडायचा. सांगितलं असेल त्याच्या निम्मं लावायचं, लाली जरा ओसरली की बंद करायचं. आणि आपल्या घरांत पोटाचा मान मोठा. आहार शुद्ध तर सगळं शुद्ध, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा पोटातून शुद्धी करणारं औषध मिळालं म्हटल्यावर मला ते आपल्याच माणसाने दिल्यासारखं वाटलं.

प्रोबायोटिक म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्या आतड्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात. त्यांतले काही उपयोगी प्रकार वेगळे काढून, वाढवून, वाळवून पुडीत भरतात. ते मेलेले नसतात, निजलेले असतात. ओल मिळाली की जागे होतात. आमच्या पुडीवर ५०० कोटी असा आकडा होता. एका पुडीत. आणि प्रीबायोटिक म्हणजे या जीवांचं खाणं: आपल्याला पचत नाहीत असे काही तंतू, जे मोठ्या आतड्यापर्यंत तसेच जातात आणि तिथे हे जीव त्यांवर जगतात. आतड्याच्या भिंतीपाशी शरीराची संरक्षणव्यवस्था मोठ्या प्रमाणावर असते. ती लहानपणी या जीवांच्या संगतीत शिकते, कशावर चिडायचं आणि कशावर नाही. इसबात तीच व्यवस्था उगाच चिडलेली असते. म्हणून पोटातले जीव सुधारले तर कातडीही शांत होईल, असा तो विचार. विचार म्हणून त्यात वावगं काही नाही.

तर पौषात पुड्या सुरू केल्या. सूर्यास्ताआधी, जेवणाबरोबर. पहिल्या आठवड्यात चट्टे खरंच फिके झाले. मी आक्कांना फोन करून सांगितलंही. मलम तर मी पहिल्याच दिवशी कपाटात टाकलं होतं. अंघोळीनंतर अंगाला क्रीम चोपडायचा कंटाळाही हळूहळू पुढे ढकलला जाऊ लागला. सकाळची शाळा, डबा, देवदर्शन, आणि आता आतून औषध चालूच आहे की. फिके झाले ते मलमाच्या आदल्या आठवड्यांमुळे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सतराव्या दिवशी दोन्ही कोपरांत चिरा पडल्या. एकोणिसाव्या दिवशी एका चट्ट्यावर पिवळसर खपली धरली आणि पाणी सुटलं. आम्ही मिरजेला त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंकडे गेलो.

त्यांनी आधी चट्टा पाहिला, मग डबा पाहिला. डब्यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "यानं काही बिघडलं नाही. मलम का थांबवलं?" मी म्हटलं, आतून सुरू केलं म्हणून. त्यावर त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या माहेरी मातीच्या भिंती होत्या?" होत्या. "सारवण पोपडे धरून पडलं की भिंतीचं काय होतं?" आतली ओल निघून जाते, बाहेरचं पाणी शिरतं, भेगा पडतात. "इसबाची कातडी तशीच. बऱ्याच मुलांत जन्मतःच कातडीचं सारवण पातळ असतं. त्याला लागणारं एक प्रथिन शरीर कमी बनवतं. ते तुम्ही पुडीनं भरून काढू शकत नाही. वरूनच सारवायला लागतं, रोज." त्या प्रथिनाचं नाव फिलाग्रिन, आणि त्याच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी संबंध २००६ मध्ये सापडला, हे त्यांनीच सांगितलं.

पुडीबद्दल मी पुन्हा विचारलं. नऊशे रुपये घातले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांनी "चालू ठेवा" म्हणावं असं मला वाटत होतं. त्यांनी सांगितलं ते असं. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने २०१८ मध्ये इसब झालेल्यांना प्रोबायोटिक देऊन केलेल्या ३९ चाचण्या एकत्र पाहिल्या. एकूण २,५९९ माणसं, त्यांत बरीचशी मुलं. रुग्णांना किंवा आईवडिलांना स्वतः जाणवलेल्या खाजेत आणि झोपेत फरक जवळपास नाही. डॉक्टरांनी मोजलेल्या तीव्रतेत थोडा फरक, १०३ गुणांच्या मापावर सुमारे ४ गुणांचा, म्हणजे पोरीला कळणारही नाही इतका. अपाय मात्र वाढलेला दिसला नाही. आणि प्रीबायोटिकने झालेलं इसब बरं होतं असं म्हणण्याइतका पुरावा तर आणखीच कमी.

"मग लोकांना गुण येतो तो?" मी म्हटलं. त्या हसल्या. "इसब स्वतःच चढतं-उतरतं. माणूस औषध बदलतो ते चढलेलं असताना. पुढे ते उतरणारच असतं. फाल्गुनात हवा बदलली की तुमच्या मुलीचंही उतरेल, तेव्हा तुम्ही जे देत असाल त्याला श्रेय मिळेल."

मला एवढं कधी कुणी सरळ सांगितलं नव्हतं.

येताना मिरज स्टँडवर गाडीची वाट बघत बसले होते. हातात तोच डबा. कंटाळा आला म्हणून बारीक अक्षरं वाचायला लागले, जी मी विकत घेताना वाचली नव्हती. हिरवा ठिपका पाहिला होता आणि निर्धास्त झाले होते. जिवाणूंची लांबलचक नावं, मग लिहिलेलं: इन्युलिन, कंसात चिकोरी रूट.

रूट. मूळ.

मोबाइलवर पाहिलं तर चिकोरीचं मूळ चांगलं गाजरासारखं जाडजूड असतं, जमिनीतून उपटून, कापून, त्यातून हे इन्युलिन काढतात. बाजारातल्या प्रीबायोटिकचा हा मोठा स्रोत. दुसरे स्रोत म्हणून जी नावं येतात तीही बघा: कांदा, लसूण. ज्या घरात बटाटाही येत नाही, तिथे मी एकोणीस दिवस लेकीला हाताने कंदमूळ पाजलं होतं. हिरव्या ठिपक्याचा अर्थ एवढाच, की हा पदार्थ शाकाहारी आहे. जमिनीखालचं आहे की वरचं, हे त्या ठिपक्याला ठाऊक नसतं.

आणि हे लिहितेच आहे तर दुसरंही सांगून टाकते, कारण घरी गेल्यावर मी सगळे डबे उलटे करून वाचले. आपली कॉफी. कॉफीत मिसळतात ती चिकोरी म्हणजे हेच मूळ, भाजून दळलेलं. आपल्याकडे मिश्रणात ते ४९ टक्क्यांपर्यंत चालतं आणि किती आहे ते डब्यावर लिहावं लागतं. आमच्या डब्यावर लिहिलेलं होतंच. वर्षानुवर्षं. सासूबाईंनी ऐकलं, उठल्या, डबा उचलून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता ह्या वयात कॉफीबी गेली!" निव्वळ कॉफीही मिळते, आई, असं मी म्हटलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

ह्यांनी मात्र वकिली सुरू केली. "सुंठ चालते, हळद चालते, तीही जमिनीतलीच. वाळलेली आहे म्हणून चालते ना? मग ही पावडर कोरडीच आहे." मुद्दा अगदीच सोडण्यासारखा नव्हता. मीही रात्रभर घोळवला. सुंठ काढ्यात चिमूटभर, ती आपणहून वाळते, औषध म्हणून वापरात आहे. ही पुडी रोज, महिनोन्‌महिने, आणि जिच्या गुणाची खात्री डॉक्टरच देत नाहीत अशी. पोरीचा जीव त्यावर अवलंबून असता तर मी वेगळा विचार केला असता, आणि मला त्याची लाजही वाटली नसती. पण तसं नव्हतं.

तेवढ्यात विहारात असलेल्या एक माताजी आमच्या बस्तीत चार दिवस थांबल्या. मी धाकटीला घेऊन गेले. वंदामि केलं आणि सगळं सांगितलं, पुडी, मूळ, सगळं. आणि खरा मनात अडकलेला प्रश्नही विचारला, जो मी डॉक्टरांना विचारू शकत नव्हते: दही आपण मर्यादेतलं खातो, आठ प्रहरांच्या आतलं, ते ठीक. पण एका घोटात ५०० कोटी जीव, मोजून, जिवंत आहेत म्हणून, मुद्दाम गिळायचे, हे कसं?

माताजींनी विचारलं, "जिवंत म्हणून विकतात?" मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, "जिवंत म्हणून?" मग बराच वेळ गप्प राहिल्या. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. म्हणाल्या, "आम्हाला औषधसुद्धा दिवसातून एकदाच, आहाराच्या वेळी. त्यामुळे जे लागतच नाही ते घ्यायचा प्रश्न फारसा येत नाही. हिला लागतं का ते बघ." न कळत दिलेल्या कंदमुळासाठी मला एक माळ फेरायला सांगितली. धाकटीला काही नाही.

मग धाकटीनेच तोंड उघडलं. तोच प्रश्न. मी मागच्या जन्मी काय केलं होतं?

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. माताजी म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मी काय केलं होतं तेसुद्धा मला ठाऊक नाही. हे बघ." त्यांनी पाऊल पुढे केलं. अनवाणी विहाराने टाचा अशा फाटलेल्या, की धाकटीने एकदम आपला हात मागे घेतला. "कर्म उदयाला यायला निमित्त लागतं. माझं निमित्त खडी. तुझं थंडी आणि साबण. निमित्त दूर करायला कुणी अडवलंय का तुला?"

मग त्यांनी तिला विचारलं, खाज आली की काय करतेस? खाजवते. "मलाही येते. पण मी आधी पिंछीने ती जागा हळूच पुसते. तिथे एखादा बारीक जीव असला तर तो माझ्या नखाखाली मरू नये म्हणून. पुष्कळदा पुसल्यावर खाजवायचं राहूनच जातं."

धाकटी घरी आली आणि माझ्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा मागितला. रुमालाएवढा फाडून दिला. तो तिच्या उशाखाली असतो. खाज आली की त्याने पुसते, दोनदा, तीनदा, अगदी गंभीर चेहऱ्याने. डॉक्टर बाईंना पुढच्या भेटीत दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या की खाजवण्याऐवजी हाताला दुसरं काहीतरी काम द्यावं असं त्याही मुलांना सांगतात, पण एवढं मनावर घेतलेलं मूल त्यांनी पाहिलं नव्हतं. तिच्या दृष्टीने ती खाज थांबवतच नाहीये, ती जीव वाचवतेय.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कारण तुम्ही विचारणारच. अंघोळ कोमट पाण्याची, थोडा वेळ. साबण फक्त लागेल तिथे, सौम्य. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच क्रीम. इथे माझी दुसरी चूक होती: मी महिनाभर पुरवत होते तेवढं क्रीम खरं तर आठवड्यात संपायला हवं होतं. लॅनोलिन आहे का ते बघून घेते, ते मेंढीच्या लोकरीवरून काढलेलं मेण असतं. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासूनची, ती चालते. लोकरीचा स्वेटर थेट अंगावर नाही, आत सुती झबलं. स्टिरॉइडचं मलम चट्टा लाल असेल तेवढे दिवस, सांगितलं तेवढंच आणि पूर्ण तेवढं. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ ट्यूबमधून काढली की ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, हे माप मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी निम्मी भीती गेली असती. त्या पिवळ्या खपलीसाठी आठवडाभर वेगळं औषध लागलं. तसं पाणी सुटलं, खपली धरली, ताप आला, तर घरी उपाय करत बसू नका.

दही? दही खातो, नेहमीसारखं. दूध तापवून, आपल्या रीतीने विरजण लावून, त्या दिवशीचं त्या दिवशी. इसबासाठी म्हणून नाही. घरच्या दह्यातही जीव असतात, पण कोणते आणि किती ते कुणी मोजलेलं नसतं. चाचण्यांत वापरतात तो एकेक ठरावीक वाण असतो, आणि एकाचा गुण दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. त्यातला सर्वांत गाजलेला जीजी नावाचा, त्यातले दोन्ही ग हे तो शोधणाऱ्या गोरबाख आणि गोल्डिन या दोघांच्या आडनावांचे. मला आधी वाटलं होतं, काहीतरी मोठं शास्त्रीय असेल.

आणि प्रीबायोटिक तंतू हवेच असतील तर आपल्या ताटात ते नाहीत असं नाही. कच्ची केळी आपण बटाट्याच्या जागी वापरतोच. ज्वारीची भाकरी, मूग, तूर, हरभरा. कुठेतरी वाचलं की शिजवून गार केलेल्या भातातही तसा पिष्टमय भाग वाढतो; पण शिळा भात आपल्याला चालत नाही, तेव्हा तो उपाय ज्यांचा त्यांना लखलाभ.

माझी भाची पाच महिन्यांची गरोदर आहे. तिच्या नवऱ्याला लहानपणी इसब होतं, दमाही. तिने विचारलं, मी आत्तापासून घेऊ का, म्हणजे बाळाला होणार नाही? हा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे उत्तर इतकं सरळ नकाराचं नाही. फिनलंडमध्ये अशाच घरांतल्या गरोदर बायकांना आणि मग बाळांना तो जीजी दिला होता. २००१ मध्ये निकाल छापला गेला तेव्हा दोन वर्षांच्या वयाला इसबाचं प्रमाण न दिलेल्यांत ४६ टक्के आणि दिलेल्यांत २३ टक्के, निम्मं. त्यावरून जगभर गाजावाजा झाला. मग जर्मनीत तसाच प्रयोग केला, २००८ मध्ये त्याचा निकाल आला, आणि काहीच फरक नाही. पुढे २०१५ मध्ये ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने म्हटलं की धोका जास्त असलेल्या घरांत गरोदरपणी आणि अंगावर पाजताना द्यायला हरकत नाही, पण त्याच दमात हेही की पुरावा फार कच्चा आहे. भाचीला मी एवढंच म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि घेणार असलीस तर बारीक अक्षरं वाच. कॅप्सूल असेल तर तिचं टरफल जिलेटिनचं आहे का तेही. औषध म्हणून विकलेल्या डब्यावर शाकाहारी-मांसाहारी अशी खूण असेलच असं नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी फार खालावलेली आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे जिवंत जीव घेऊच नयेत.

फाल्गुन आला. अष्टाह्निकेत सासूबाईंनी सिद्धचक्राची पूजा केली. मैनासुंदरीची कथा धाकटीला त्याच सांगतात, श्रीपालाचं कोड, सातशे सोबती, गंधोदक. पूर्वी त्या गंधोदक थेट चट्ट्यांवर लावायच्या. चिरलेल्या कातडीवर मलमाशिवाय काही लावू नका असं डॉक्टर म्हणाल्यावर मला वाटलं आता घरात वाद होणार. पण त्या म्हणाल्या, "मस्तकालाच लावायचं असतंय ते, मीच आपली मायेनं खाली लावत होते." तेव्हापासून कपाळाला आणि केसांना.

हवा गरम झाली तसे चट्टे उतरले, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसेच. परवा धाकटी अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकवर पाठशाळेत आली. सासूबाई म्हणतात पूजेने. मी म्हणते क्रीमने. आक्का अजून फोनवर म्हणतात, पुड्यांचाच परिणाम, उशिरा दिसतो. धाकटी कुणाचंच ऐकत नाही, तिचा रुमाल तिला पुरेसा आहे. तो आता धुऊन धुऊन इतका विरला आहे की दुसरा फाडावा लागणार.

एक मात्र अजून सुटलेलं नाही. तीसमधल्या अकरा पुड्या उरल्या आहेत. धाकटीला द्यायच्या नाहीत. दुसऱ्या कुणाला द्याव्यात तर आपण जे घेत नाही ते त्यांना कसं द्यायचं? कचऱ्यात टाकायला हात धजत नाही, मोरीत ओतायला त्याहून नाही. पाणी गाळलं तर जिवाणी जिथलं पाणी तिथे नेऊन सोडतो आपण. पण या निजलेल्या कोट्यवधींना कुठे नेऊन सोडायचं? हे म्हणतात, "ठेव तशाच, मुदत संपेपर्यंत." म्हणजे नेमकं काय होण्याची वाट बघायची, ते मी त्यांना विचारलं नाही. डबा फ्रिजच्या दारात आहे, विरजणाच्या वाटीशेजारी. मुदत पुढच्या जानेवारीची आहे.